जयणेने उचलावे असे बाळ

घरात बाळ आले की पहिल्या सव्वा महिन्यात त्याला किती हात लागतात याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. मालिशवाली बाई पाय पसरून बसते, बाळाला पिंढऱ्यांवर पालथे घालते, तेलाने रगडते, हातपाय उलटसुलट ओढून त्यांची घडी घालते आणि शेवटी घोट्यांना धरून क्षणभर उलटे लोंबकळवते. आजी मनगटात वाळे चढवते. ते चढत नाही म्हणून इवली बोटे एकत्र दाबून पुढे सरकवते. बारशाला बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरते, आणि दुकान बंद करून थेट आलेले काका त्याला बगलांत धरून वर उडवतात. हे सारे प्रेमाचेच हात असतात, आणि बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही.

काही थोड्या घरांत मात्र दुपटे बदलताना बाळ एकाएकी किंकाळी फोडते आणि मग एक पाय हलवेनासे होते. क्ष-किरण चित्रात मांडीचे हाड मोडलेले दिसते. कोणी पडले नव्हते, कोणी आपटले नव्हते. डॉक्टर आईकडे दोनदा पाहतात, सासू सुनेकडे पाहते, आणि सून आपल्या हातांकडे. काही आठवड्यांनी दुसरे हाड मोडते, तेव्हा कोठे आजाराचे नाव पुढे येते : ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टा, म्हणजे जन्मजात ठिसूळ हाडांचा विकार. साधारणपणे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. वाशी, नेरूळ, खारघरसारख्या दाट वस्तीच्या नगरांत अशी घरे असणारच; मात्र एकाला दुसऱ्याची वार्ता नसते.

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजावणे सोपे आहे, कारण येथे प्रत्येकाने डोळ्यांदेखत इमारत उभी राहताना पाहिली आहे. कॅल्शियमचे क्षार हे हाडातील सिमेंट, आणि कोलॅजेन नावाचे प्रथिन ही त्यातील लोखंडी सळई. या विकारात सिमेंटचा तुटवडा नसतो. सळईच कमी पडते किंवा वाकडी घडते. बहुतेक रुग्णांत त्या सळईचा आराखडा सांगणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात, कोल१ए१ किंवा कोल१ए२ यात, दोष असतो. म्हणूनच कॅल्शियमच्या बाटल्या कितीही रिचवल्या तरी हा विकार बरा होत नाही, ही गोष्ट प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना सांगावी लागते. बाळंतपणात सुनेने दूध कमी प्यायले, डिंकाचे लाडू खाल्ले नाहीत, ग्रहणात बाहेर गेली, असले सारे हिशेब तेथेच मिटायला हवेत.

विकार नवा नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तमधील एका अर्भकाचा सांगाडा आहे, त्याच्या हाडांत याच्या खुणा सापडल्या. १७८८ मध्ये स्वीडनच्या एकमन यांनी एका कुटुंबाच्या पिढ्यांतून चालत आलेला हा ठिसूळपणा नोंदवला. आजचे नाव १८४९ मध्ये डच शरीरशास्त्रज्ञ व्रोलिक यांनी दिले. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड सिलेन्स यांनी १९७९ मध्ये त्याचे चार प्रकार पाडले, आणि पुढे जनुकांचा शोध लागत गेला तसे आणखी प्रकार जोडले गेले. पहिला प्रकार सौम्य आणि सर्वांत अधिक आढळणारा. त्यात मूल चालते, शाळेत जाते, काही वेळा हाडे मोडतात आणि वयात आल्यावर मोडणे कमी होते. दुसरा इतका तीव्र की बाळ बहुधा जन्माच्या आसपासच जाते. तिसऱ्यात हाडे वाकतात, उंची खुंटते, चाकाची खुर्ची लागते. चौथा या दोहोंच्या मधला. आईबापांना पहिल्या भेटीतच कळायला हवे ते एवढेच : आपले बाळ यांपैकी कोठे बसते, हे एका क्ष-किरण चित्रावरून ठरत नाही, आणि शेजारणीने मोबाईलवर दाखवलेले दुसऱ्या कोणा मुलाचे छायाचित्र म्हणजे आपल्या मुलाचे भविष्य नसते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरील निळसर झाक ही एक खूण खरी. परंतु पहिल्या वर्षात ती अनेक निरोगी बाळांतही दिसते. बुद्धीवर मात्र या विकाराचा काही परिणाम होत नाही.

जैन घरांत या विकाराला आणखी एक प्रश्न चिकटतो, आणि तो बहुधा पाठीमागे, कुजबुजत विचारला जातो. हे कोणाचे कर्म? हाडांच्या बळकटीचा विचार जैन शास्त्रांना परका नाही. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात नामकर्माच्या भेदांमध्ये संहनन येते, म्हणजे अस्थिबंधांची दृढता. वज्रऋषभनाराच या श्रेष्ठ संहननापासून खाली उतरत त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि या पंचम काळात श्रेष्ठ संहनन कोणाच्याही वाट्याला येत नाही, असेही शास्त्रच सांगते. तेव्हा बळकट हाडांचा गर्व करण्याजोगे आपल्यापैकी कोणाकडेही फारसे काही नाही. दुसरे असे की, प्रत्येक जीव आपलेच कर्म भोगतो, हा या दर्शनाचा पायाच आहे. मग बाळाच्या हाडांचा दोष आईच्या माथी मारणारी बाई कोणत्या शास्त्राच्या आधारे बोलते, हे तिलाच विचारावे. हळदीकुंकवाला नव्या आईला एका बाजूला घेऊन ‘पूर्वजन्मीचे काही असेल’ असे सांगणे यास धर्मचर्चा म्हणत नाहीत. ती वचनाने केलेली हिंसा आहे.

शास्त्रातील दुसरा एक शब्द मात्र या घरात दिवसातून पन्नास वेळा उपयोगी पडतो, तो म्हणजे जयणा. चालताना, बसताना, वस्तू उचलताना व ठेवताना जीवाला इजा होणार नाही अशी सावधानता. मुनींच्या पाच समित्यांत वस्तू घेण्याठेवण्याची एक स्वतंत्र समिती आहे. पिंछीने जागा पुसून मग पाय टेकणाऱ्या साधूला जे जमते, ते आईबापांनाही जमते. त्यासाठी फक्त सवय बदलावी लागते.

सुरुवात उचलण्यापासून. काचेच्या बरण्यांची पेटी व्यापारी कधी वरच्या फळीला धरून ओढत नाही, खालून हात घालतो. तसेच येथे. एका हाताची बोटे पसरून तो हात बाळाच्या ढुंगणाखाली, दुसरा मान व खांद्यांखाली, आणि मग सारे शरीर एकाच वेळी अलगद वर. बगलांत हात घालून उचलू नये, कारण फासळ्यांवर दाब येतो. हात धरून ओढू नये. घोटे धरून पाय वर तर कधीच करू नयेत. लंगोट बदलताना घोटे धरून ढुंगण उचलणे ही जगातील प्रत्येक आईची सवय, आणि याच सवयीत मांडीची हाडे मोडतात. त्याऐवजी तळहात ढुंगणाखाली सरकवून तेवढाच भाग किंचित वर घ्यावा आणि जुना लंगोट काढण्यापूर्वीच नवा त्याखाली पसरून ठेवावा. एका हाताने बाळ, दुसऱ्या हाताने फोन, हा प्रकार त्या घरात बंद.

बाळाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यासाठी, किंवा पाहुण्यांच्या मांडीवर देण्यासाठी, घट्ट फोमची रुंद उशी करून घेतात. बाळ उशीवर आणि उशी मांडीवर. अशाने आजोबांनाही भीती न वाटता नातू मांडीवर घेता येतो. हे महत्त्वाचे आहे, कारण निदान झाल्यानंतर अनेक घरांत एक विचित्र गोष्ट घडते : आईखेरीज बाळाला कोणी हातच लावीनासे होते. आजी दुरून पाहते, बाप दुकानातून उशिरा येऊ लागतो. बाळाला हाडांच्या दुखण्याबरोबर स्पर्शाचाही दुष्काळ भोगावा लागतो, आणि आई रात्री तीन वाजता एकटी जागी असते. उचलण्याची रीत घरातील निदान तीन माणसांना शिकवावी, आणि त्यांत बाप पहिला असावा. कापडाची बाहुली घेऊन चार दिवस सराव केला की हात बसतो. फिजिओथेरपिस्टकडून ती रीत प्रत्यक्ष पाहून घेतली तर उत्तमच.

कपड्यांच्या बाबतीत आजीचा काळ आजच्या बाजारापेक्षा शहाणा होता. पुढून बंद बांधायचे सैल, सुती झबले हाच अशा बाळाचा सर्वोत्तम पोशाख. डोक्यातून घालायचे घट्ट, ताणले जाणारे कपडे देखणे दिसतात, पण त्यांच्या बाहीत बाळाचा हात ढकलावा लागतो. ढकलणे, ओढणे आणि पिळणे या तीन क्रिया वर्ज्य. बाही गोळा करून तीत आपली बोटे आधी घालावीत, बाळाचा तळवा त्या बोटांत घ्यावा आणि बाही हातावरून सरकवावी. हात बाहीतून ओढू नये. एक हात दुखावलेला असेल तर घालताना तो आधी, काढताना तो शेवटी. वाळे, बिंदल्या, पैंजण यांना सुट्टी द्यावी. मामाने घडवलेले चांदीचे वाळे तिजोरीत राहिले म्हणून मामाचा मान कमी होत नाही. या मुलांना घामही पुष्कळ येतो, आणि नवी मुंबईची दमट हवा त्यात भर घालते. लोकरीचे टोपडे आणि चार दुपटी हा मोह आवरावा.

मालिश हा नाजूक विषय आहे, कारण मालिशवालीला घरात जवळजवळ वैद्याचा मान असतो. रगडणे, हातपाय ताणणे, सांधे ‘मोकळे’ करणे हे या बाळासाठी सरळ धोक्याचे आहे. कोमट तेलाचा हलका हात, तळव्याने, दाब न देता आणि डॉक्टरांना विचारून फिरवायला हरकत नसावी. पण तो आईने किंवा आजीने फिरवावा. अंघोळ पायांवर घेऊन नको. तळाशी टॉवेल अंथरलेल्या उथळ टबात कोमट पाणी घ्यावे, कोपराने पाणी पाहावे आणि बाळाला खालून आधार देत त्यात निजवावे. पाण्यात शरीराचे वजन हलके होते, आणि जे मूल जमिनीवर पाय उचलत नाही ते पाण्यात आपणहून पाय मारू लागते. हाच त्याचा पहिला व्यायाम. झोपण्यासाठी झोळीपेक्षा सपाट पाळणा बरा. झोळीत कोणता हात कोठे दुमडला आहे ते दिसत नाही, आणि काढताना ओढाताण होते. जागेपणी, नजरेसमोर असताना, बाळाची कूस वरचेवर बदलावी, म्हणजे मऊ कवटी एका बाजूने चपटी होत नाही. बापाने आरामखुर्चीत रेलून बाळाला छातीवर पालथे घेतले की मान उचलण्याचा सरावही होतो.

एवढे सारे करूनही हाड मोडेल. हे वाक्य कठोर वाटले तरी आईबापांना ते आधीच माहीत असणे हीच त्यांच्यावरील दया आहे. शिंकेने, कूस बदलताना, किंवा काहीच न घडता हाड मोडू शकते. तो कोणाचा गुन्हा नव्हे. बाळ सतत रडते, एक अवयव हलवीत नाही, तेथे सूज किंवा ऊब जाणवते, किंवा नुसतेच चिडचिडे होऊन दूध सोडते, तेव्हा तो संशय धरावा. अवयव आहे त्या स्थितीत ठेवावा. सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. पुठ्ठ्याची मऊ कापड गुंडाळलेली पट्टी किंवा छोटी उशी आधाराला लावून सैल बांधावे, डॉक्टरांनी वजनानुसार आधीच लिहून दिलेले वेदनाशामक द्यावे, आणि बाळाला उशीसकट न्यावे. हाडवैद्याकडे नेण्याचा सल्ला एखाद्या नातलगाकडून हमखास येतो. ओढून बसवणे आणि आवळून बांधणे या दोन्ही गोष्टी येथे अनर्थ करतात. मोडलेले हाड जुळण्यास इतर मुलांइतकाच काळ लागतो, मात्र जुळलेले हाडही तितकेच ठिसूळ असते. प्लास्टर गरजेपेक्षा एक आठवडाही जास्त ठेवू नये असा तज्ज्ञांचा आग्रह असतो, कारण न हलणारे हाड आणखी विरळ होते, आणि प्लास्टर निघाल्यावर ते पुन्हा मोडते. या चक्रातच अनेक मुले चालायची थांबतात.

रुग्णालयात जाताना पिशवीत सर्वांत वर एक कागद असावा : बाळाच्या विकाराचे नाव, प्रकार, आजवरचे अस्थिभंग, चालू औषधे आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा दूरध्वनी, त्यांच्याच सहीशिक्क्याने. रात्री अपघात विभागात जो तरुण डॉक्टर असेल त्याने हा विकार पुस्तकातच पाहिलेला असण्याची शक्यता अधिक. क्ष-किरणाच्या टेबलावर बाळाला आईबापांनीच निजवावे. रक्त काढण्यासाठी बांधायची पट्टी व रक्तदाबाचा पट्टा यांविषयी नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे. वरचेवर हाडे मोडलेले बाळ पाहून आईबाप मारहाण करीत असतील असा संशय परदेशांत अनेक निर्दोष कुटुंबांवर आला आहे. आपल्याकडेही तो प्रश्न विचारला जाऊ शकतो. विचारणाऱ्याचा राग येणे स्वाभाविक आहे, तरी तो प्रश्न बाळांच्या रक्षणासाठीच असतो, आणि पिशवीतला कागद त्याचे उत्तर देतो.

या विकाराला मुळापासून बरे करणारे औषध आज नाही. परंतु १९९८ मध्ये माँट्रियलच्या डॉ. फ्रान्सिस ग्लोरिये व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅमिड्रोनेट या औषधाचे मुलांमधील परिणाम प्रसिद्ध केले, आणि उपचारांची दिशा बदलली. बिस्फॉस्फोनेट गटातील ही औषधे ठराविक महिन्यांच्या अंतराने शिरेवाटे देतात. हाडाची घनता वाढते, मणक्यांचा आकार सुधारतो, अनेक मुलांच्या वेदना कमी होतात. सळई मात्र तीच राहते. पहिल्या वेळी एकदोन दिवस ताप येतो, घाबरू नये. औषध देण्यापूर्वी कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची पातळी पाहतात. वाकलेल्या लांब हाडांत शस्त्रक्रियेने धातूची दांडी घालता येते. तीत एकमेकींत सरकणाऱ्या, मुलाबरोबर लांब होणाऱ्या दांड्याही आहेत, त्यांतील एक माँट्रियलच्याच फासिए आणि ड्युवाल यांच्या नावाने ओळखली जाते. दातांकडे आणि पुढे मोठेपणी ऐकण्याकडेही लक्ष ठेवावे लागते; काहींचे दात करडे-तपकिरी व ठिसूळ असतात.

आता स्वयंपाकघराकडे. अंडी-मासे नसलेल्या घरात या मुलाचे पोषण होणार नाही, असे सांगणारे भेटतात. ते खरे नाही. दूध, दही, पनीर, नाचणी, तीळ, राजगिरा आणि डाळी यांतून वाढत्या मुलाची गरज भागते, आणि गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम घालून काही साधत नाही. बद्धकोष्ठ या मुलांना त्रास देते, म्हणून पाणी आणि फळे पुरेशी हवीत. वजन मात्र आटोक्यात ठेवावे : मोडलेल्या पायाची भरपाई म्हणून शिरा आणि श्रीखंड भरवणारी आजी त्या पायावरचा भारच वाढवीत असते. ड जीवनसत्त्वाविषयी श्रावक कुटुंबांना पडणारी शंका रास्त आहे. पुष्कळशा कॅप्सूलचे कवच प्राणिज जिलेटिनचे असते, आणि ड३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. थेंब, गोळी आणि भुकटी या रूपांतही ते मिळते. वनस्पतिज स्रोतांचे पर्यायही आहेत. डॉक्टरांना सरळ विचारावे. विचारायला संकोच वाटला म्हणून औषध गुपचूप बंद करणे, हे मात्र अनेक घरांत घडते आणि ते मुलाला महागात पडते. चौविहाराचा नियम घरातील मोठ्यांचा. तान्ह्याच्या दुधाच्या वेळा डॉक्टर सांगतील त्याच.

सर्वांत अवघड भाग याहून वेगळाच आहे. व्यापारी कुटुंबात घराण्याचे नाव हे भांडवल असते, आणि त्या भांडवलाच्या काळजीपोटी आजाराचे नाव दडवले जाते. मोठ्या मुलीचे जमवायचे आहे, नणंदेची सोयरीक चालली आहे, म्हणून बाळाला ‘जरा अशक्तपणा’ आहे असे सांगतात. परिणाम असा की समारंभात कोणी तरी अजाणता बाळाला बगलेत धरून उचलते. दडवण्याची किंमत बाळाचे हाड देते. शिवाय दडवण्याजोगे त्यात जे वाटते तेही बहुधा खरे नसते. अनेक मुलांत हा जनुकदोष प्रथमच उद्भवलेला असतो, आईबापांत तो नसतोच. काहींत आई किंवा बाप यांना सौम्य स्वरूपात तो असतो, आणि मग प्रत्येक अपत्यास तो येण्याची शक्यता निम्मी असते. थोड्या प्रकारांत मात्र आई व बाप दोघेही लक्षणांविना वाहक असतात. नात्यातल्या नात्यात, किंवा अगदी लहान वर्तुळात, पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी जुळवणाऱ्या समाजांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आपले कुटुंब यांपैकी कोणत्या घरात बसते हे जनुकीय तपासणी व समुपदेशनाने कळते, आणि दुसऱ्या अपत्याचा विचार त्यानंतर करावा. पत्रिका पाहणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. जनुकीय समुपदेशकाकडे जाणारी घरे मात्र विरळ.

पैशाचा व कागदपत्रांचा विषय व्यापाऱ्यांना फारसा समजावून सांगावा लागत नाही, तरी थोडे. भारत सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात या विकाराचा समावेश आहे, आणि परळचे के. ई. एम. रुग्णालय हे त्या धोरणाखालील केंद्रांपैकी एक. शेजारीच लहान मुलांचे वाडिया रुग्णालय. नवी मुंबईहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गाडी बदलून परळ गाठता येते. परंतु प्लास्टरमधील बाळ घेऊन ती गर्दी टाळावी, आणि मोटारीत बाळासाठी मागे तोंड करून बसवायचे, मऊ गादीचे आसन वापरावे. रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याचा हिशेब बाळाच्या पाठीच्या कण्यावर निघतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयात जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. अनेक आईबाप हे प्रमाणपत्र घेत नाहीत, ‘शिक्का बसेल’ म्हणून. वाशीत महानगरपालिकेचे ईटीसी हे दिव्यांग मुलांचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवा केंद्र आहे. तेथे एकदा जाऊन यावे. समदुःखी कुटुंब भेटले तर ते शंभर सल्ल्यांपेक्षा अधिक देते.

मूल रांगू लागले की काळजीचे स्वरूप बदलते. गुळगुळीत टाइल्सच्या घरात पावसाळ्याचे चार महिने लादी ओलसर राहते. सांडलेले पाणी तत्क्षणी पुसणे, पायपुसणी घट्ट चिकटवणे, धाकट्या भावाच्या गाड्या रात्री उचलून ठेवणे, ही घरातील सर्वांची कामे. तरीही मुलाला गादीवर बसवून जग खिडकीतून दाखवणे, हा उपाय नव्हे. स्नायू काम करतात तेव्हाच हाडाला बळ येते. जमिनीवर लोळणे, पाण्यात खेळणे, आधाराने उभे राहणे या पायऱ्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चढवाव्यात, आणि त्यांत कधीतरी हाड मोडेल हा धोका जाणून चढवाव्यात. राजस्थानात जन्मलेल्या उम्मुल खेर यांची हाडे लहानपणापासून वारंवार मोडत होती. २०१६ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या. अमेरिकेत वाढलेल्या स्पर्श शाह या गुजराती घरातील मुलाने २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या भव्य सभेत चाकाच्या खुर्चीत बसून राष्ट्रगीत गायिले. अशी नावे आईबापांना धीर देतात. प्रत्येक मुलाने गाजावे अशी अपेक्षा मात्र त्यांतून करू नये. रोज शाळेत जाऊन घरी येणे हेही येथे लहान काम नसते.

शाळेशी बोलताना मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. वर्ग तळमजल्यावर. पुस्तकांचा एक संच शाळेत, एक घरी, म्हणजे पाठीवर ओझे नको. सुट्टीच्या घंटेपूर्वी पाच मिनिटे वर्गातून सोडावे, म्हणजे जिन्यातल्या लोंढ्यात मूल सापडत नाही. पडल्यास शिक्षिकेने उचलू नये. आहे तेथेच ठेवून, पिशवीतला कागद काढून दूरध्वनी करावा. आणि मैदानावर गुणफलक लिहिण्याचे काम देऊन त्याला बाजूला बसवण्यापूर्वी, त्याला काय खेळावेसे वाटते हे एकदा त्यालाच विचारावे.

चार-पाच वर्षांचे झाले की ही मुले आपले शरीर घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त ओळखू लागतात; त्यांना बोलायला शिकवावे असे तज्ज्ञ सांगतात. अशा घरी दिवाळीला आलेली आत्या दोन्ही हात पसरून पुढे होते, तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत येण्यापूर्वीच मूल सांगते, “आत्या, असे नाही. आधी खालून हात घाल, दुसरा पाठीशी. हं, आता उचल.”